सातवी ओळ हिरवी

हेमलता तशी कुणाला घाबरणारी बाई नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून वाटायचं, बिचारी गरीब गाय होती. गरीब गाय कसली! नवरा उरवड्याच्या कारखान्यात मशीनवर, पोरगी शिकायला बाहेरगावी, आणि ही सेहेचाळीस वर्षांची बाई गेली चौदा वर्षं एका सामाजिक संस्थेच्या कामासाठी स्कूटीवरून मुळशीचे डोंगर पालथे घालत होती. पावसात गाडी घसरली तर उठायची, साडी झटकायची, गाडीला दोन शिव्या हासडायची आणि पुढच्या वस्तीवर जाऊन मीटिंग घ्यायची. ग्रामसेवकाशी भांडली, जंगलखात्याच्या माणसाशी भांडली, एकदा तर खुद्द संस्थेच्या संचालकांना चारचौघांत सुनावलं, कारण त्यांनी बायकांच्या मीटिंगला दोन तास उशीर केला होता. भीडभाड कसली ती नाहीच. होती ती फक्त सासरच्या माणसांपुढे.

सासर म्हणजे धरणाच्या काठच्या गावातली मोठी भावकी. जमिनी मुबलक, त्यातल्या निम्म्या वीस वर्षांत बंगलेवाल्यांना विकून झालेल्या. हेमलताच्या नवऱ्याच्या वाट्याला एक घर आणि भाताची दोन खाचरं आली, म्हणून तर तो कारखान्यात गेला. भावकीत वडीलधारे ते दादासाहेब, तिचे चुलत सासरे. पंच्याहत्तरी गाठलेली, पाठ ताठ, बोलणं मोजून. त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की हेमलता डोक्यावरचा पदर सावरायची, 'मामंजी' म्हणायची आणि आवाज निम्मा करायची. चौदा वर्षांच्या समाजकार्यानेही त्यात फरक पडला नव्हता, आणि पडावा असं तिला वाटतही नव्हतं.

गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, उंबरटेप नावाची धनगरांची वस्ती आहे. एकतीस घरं. दारात उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिवसभर चमकताना दिसतं, आणि घरात प्यायला घोटभर नाही. एप्रिल लागला की वस्तीची विहीर तळ दाखवायची. मग बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन सव्वा तास उतरायच्या आणि दोन तास चढायच्या. वस्तीच्या वरच्या अंगाला एक बारमाही झरा होता, पण तो दादासाहेबांच्या माळात. त्याच्याकडे बघत वस्तीच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

चार-पाच वर्षांपूर्वी संस्थेने योजना आखली. झऱ्याला कुंड बांधायचं, तिथून सव्वादोन किलोमीटर पाईप, वस्तीच्या डोक्यावर टाकी, घरांजवळ सहा नळ. मोटार नको, वीजबिल नको, पाणी आपलं आपण उतरणार. हेमलता मामंजींकडे गेली आणि तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत सगळं सांगितलं. दादासाहेबांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पान्याला कोन न्हाई म्हणतंय?" एवढंच. पुढच्या रविवारी भैरवनाथाच्या देवळात, अख्ख्या उंबरटेपासमोर, त्यांनी भंडारा उचलला. देवापुढची हळद मुठीत घेऊन, ती कपाळाला लावून सांगितलं की हा झरा आजपासून वस्तीचा. त्या खोऱ्यात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे विषय संपला. तिथे धोंडाबाई नावाची म्हातारी होती, साठी उलटलेली, वस्तीची म्होरकी, पुढे पाणी समितीची अध्यक्ष झाली ती. ती बाई देवळात सगळ्यांसमोर रडली, आणि हेमलताचेही डोळे भरले. आपल्या घरच्या माणसाने हे केलं याचा तिला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता!

आता या कथेत रिस्क रजिस्टर येतं. त्याचं काय झालं, संस्थेला पैसे देणाऱ्या कंपनीने नवा नियम काढला की प्रत्येक प्रकल्पाचा असा तक्ता हवा. काय बिघडू शकतं, बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर नुकसान किती, त्यावर उपाय काय आणि जबाबदार कोण. दर तीन महिन्यांनी भरायचा. धोका मोठा असेल तर ओळ लाल, मधला असेल तर पिवळी, नसल्यात जमा असेल तर हिरवी. हे शिकवायला मनीष आला. तो मूळचा परभणीचा, चौतीस वर्षांचा, हिंजवडीतली नोकरी सोडून संस्थेत प्रकल्प सांभाळायला आलेला, राहायला अजून मारुंजीतच. मुलगा वाईट नव्हता. जीव तोडून काम करायचा. फक्त तक्त्यात जे आलं तेच घडलं आणि जे आलं नाही ते नाहीच, असा त्याचा भाबडा विश्वास होता.

बाकीचे कार्यकर्ते त्या तक्त्याला वैतागले. हेमलताला मात्र तो आवडला. घर चालवणारी बाई आयुष्यभर दुसरं काय करते? गॅस कधी संपेल, पाहुणे कधी टपकतील, पोरीला ताप कधी येईल, हे तिला रोजचंच होतं. ती उंबरटेपावर गेली, सगळ्यांना टाकीच्या जागेवर बसवलं आणि विचारलं, या योजनेत काय काय वाईट होऊ शकतं ते सांगा.

माणसं गोंधळली. नुकता तर नारळ फुटलेला, आणि ही बाई वाईट काय होईल ते बोलायला सांगते! डोंगरात कुणी कामाच्या तोंडावर असं बोलत नाही. दोन-तीन बायका हसल्या, एकीने चांगलं बोला ताई असं सुचवलं. हेमलताने पिच्छा सोडला नाही. मग हळूहळू बोलू लागले. रानडुकरं पाईप उकरतील. पावसात वरची दरड येईल. पोरं नळात खडे कोंबतील. समितीत भांडणं होतील, उन्हाळ्यात खालची घरं वरच्यांना शिव्या घालतील. ती लिहीत गेली. पंचवीस ओळी झाल्या, आणि प्रत्येकीला तिने उपायही काढला. जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती ओळ तिने घरी आल्यावर स्वतःच घातली, कारण मनीषने शिकवताना तसं सांगितलं होतं. सातवी ओळ: झऱ्याची जागा खाजगी मालकीची.

त्या ओळीपुढे, जागामालकाची संमती या रकान्यात, कॉम्प्युटर दोनच पर्याय द्यायचा. एक 'लेखी', एक 'नाही'. भंडाऱ्याला पर्याय नव्हता. तिने 'नाही' निवडलं आणि ओळ आपोआप लाल झाली, आणि लाल ओळ असली की पाईपची खरेदी थांबायची. दुसऱ्याच दिवशी मनीषचा फोन आला. ताई, सातवी ओळ लाल का दिसतेय? देवळात सगळं ठरलं ना? मग एक साधा स्टॅम्प पेपर करून घ्या, सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करून घेऊ, म्हणजे पुढच्या पिढीची कटकट नाही. बोलला ते सोळा आणे खरं होतं. तिलाही ते पटलं.

तिने पिरंगुटला जाऊन शंभराचा स्टॅम्प पेपर घेतला, त्यावर मजकूर टाईप करून घेतला आणि पिशवीत घालून मामंजींच्या ओट्यावर गेली. चहा झाला. भाताचं बोलणं झालं. दादासाहेबांचा मुलगा शैलेश, तो भूगावला फ्लॅटमध्ये राहतो, प्लॉटची कामं करतो, त्याच्या नव्या गाडीचं बोलणं झालं. हेमलताचा हात दोनदा पिशवीत गेला आणि दोनदा रिकामा बाहेर आला. देवासमोर हळद उचलणाऱ्या सासऱ्याला सुनेने म्हणायचं की मामंजी, तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही, इथे सही करा? कुठल्या तोंडाने म्हणायचं? दादासाहेबांनीच शेवटी विचारलं, काही काम काढून आली होतीस का पोरी. ती म्हणाली, "न्हाई मामंजी, सहज आले हुते." आणि उठली.

घरी येऊन तिने सातव्या ओळीत 'लेखी' निवडलं. ओळ हिरवी झाली.

हे तिने चोरून केलं असं म्हणता येणार नाही, कारण तिच्या मनात चोरी नव्हती. तिच्या लेखी भंडारा हा कागदापेक्षा पक्का होता. कागद फाटतो, देव फाटत नाही, असलं काहीतरी ती स्वतःशी पुटपुटलीसुद्धा. पण लेखी म्हणजे लेखी, हे न कळण्याएवढी ती अडाणी नव्हती. तिला कळत होतं आणि तरी तिने ते केलं, आणि त्या रात्री तिला झोपही छान लागली.

पाईप आले. उंबरटेपाच्या बायकांनी तीन महिने चर खणला. कातळ लागला की पुरुष घण घ्यायचे आणि बाया पहार. धोंडाबाई सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागून जायची. पौषात सहाही नळांना पाणी आलं. म्हातारीने पहिला हंडा भरला, त्याला हळदकुंकू लावलं आणि तो हेमलताच्या पायावर ओतला. हेमलताने पाय मागे घेतले आणि तिच्या हाताला धरलं. तेव्हापासून उंबरटेपावर हेमलताला बसायला घोंगडी अंथरल्याशिवाय कुणी बसू देत नसे. संस्थेत तिचा तक्ता नमुना म्हणून इतरांना दाखवायला लागले. दर तीन महिन्यांनी ती तो भरायची, सव्वीसच्या सव्वीस ओळी, आणि सातवी आहे तशी उतरवायची.

मग एका श्रावणात दादासाहेब गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. हेमलता रडली ती मनापासून. दहाव्याला घाटावर शैलेश मुंडण करून बसलेला, त्याला जाऊन कागदाचं बोलायचं? सुतकात जमिनीचा विषय काढणारी सून म्हणून भावकीने थुंकलं असतं. तेराव्याला बोलू म्हणाली, तर तेराव्याला चुलत्यांची आपापसात वाटणीवरून कुजबुज सुरू झालेली, त्यात आपण नको. दिवाळीनंतर बोलू. वर्षश्राद्धानंतर बोलू. भावजी शहाणे आहेत, बापाचा शब्द मोडणार नाहीत. त्या तिमाहीला तिने तक्ता उघडला, सातव्या ओळीवर येऊन थांबली, चहाचा कप संपेपर्यंत तशीच बसली, आणि पुढच्या ओळीवर गेली. बदलायची खरी वेळ ती होती. तेवढी एक ओळ तेव्हा लाल केली असती तर मनीषने आकाशपाताळ एक करून कागद मिळवला असता, कारण शैलेशने तेव्हा तो दिलाही असता.

दोन वर्षं पाणी चाललं. तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीकडून मूल्यमापनाला उत्कर्षा नावाची एक तरुण बाई आली. सहाही नळ सोडून बघितले, घरोघरी विचारलं, धोंडाबाईचा चहा घेतला, चर किती लांब ते पायाने चालून पाहिलं. जाताना हेमलताला म्हणाली की इतकं नीट चाललेलं काम मी यंदा कुठे पाहिलं नाही, अशा अजून अकरा वस्त्यांसाठी मदत द्या असं मी लिहिणार आहे. हेमलताने तिला जांभळाच्या मधाची बाटली दिली.

मार्चच्या वीस तारखेला जेसीबी माळावर चढला. शैलेशने सहा एकर विकले होते. पुण्याच्या कुणा पार्टीने शनिवार-रविवारचे प्लॉट पाडायला घेतले, पहिल्याच दिवशी रस्ता काढताना पाईप तीन ठिकाणी तुटला आणि चौथ्या दिवशी कुंडाभोवती तारेचं कुंपण पडलं. हेमलता तशीच भूगावला गेली. शैलेशने दार उघडलं, बसा वहिनी म्हणाला, पाणी दिलं. ती बोलत होती तोवर त्याने मान खाली घातली होती. मग म्हणाला, "वहिनी, बाबांनी शब्द दिला हे मला माहीत आहे. देवळात मीपण होतो. पण मला वाटलं तुमच्या संस्थेने नोंद करून घेतली असेल. वकिलाने शोध घेतला, सातबाऱ्यावर काहीच नाही. मग मी समजलो, तुम्हाला गरज उरली नसेल. आता खरेदीखत झालंय. तुमच्याकडे एक ओळ लिहिलेली असेल तर दाखवा, मी स्वतः जाऊन जेसीबी थांबवतो."

ती काय दाखवणार? घेणाऱ्या पार्टीलाही ती भेटली. त्यांनी नम्रपणे त्यांचा रंगीत कागद पुढे केला, त्यात 'प्लॉटमध्ये बारमाही झरा' हीच तर पहिली गोष्ट छापलेली. वकील म्हणाला कोर्टात जा, पण सात-आठ वर्षं धरून चला.

एप्रिल लागला आणि उंबरटेपाची विहीर वेळेवर आटली. हेमलताने ग्रामसेवकाकडे टँकर मागितला. त्याने यादी काढून दाखवली. उंबरटेपापुढे लिहिलेलं, नळयोजना पूर्ण, पाणीटंचाई नाही. हे खुद्द संस्थेच्या पूर्णत्वाच्या पत्रावरून लिहिलेलं, खाली हेमलताची सही. संस्थेने पत्र द्यावं की योजना बंद पडली, कायमची, आणि अमुक कारणाने. टँकर आठवड्यात मिळेल, असं तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. उंबरटेपाचं पाणी आता त्या एका पत्रावर येऊन अडलं, आणि पत्रात खरं कारण लिहायचं तर ते हेमलताने मनीषला आधी सांगायला हवं होतं.

तिने सांगितलं. पुण्याच्या ऑफिसात, दार लावून. मनीषचा चेहरा पांढरा पडला. त्याने कॉम्प्युटरवर जुने तक्ते एकेक करून उघडले, सगळ्यांत सातवी ओळ हिरवी. मग तो म्हणाला, "ताई, मी काय करू? लेखी नसताना लेखी लिहिलं हे बाहेर गेलं तर अकरा वस्त्यांची मदत गेली. आपल्या एकाही तक्त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पंधरा मेला त्यांचा निर्णय आहे. तेवढं थांबा. सोळा तारखेला पत्र मी स्वतः लिहितो." अकरा वस्त्या. त्यांची नावं हेमलताला पाठ होती, तिथल्याही बायका तिला माहीत होत्या, त्याही उतरतच होत्या. तिने मान हलवली. महिनाभराचा तर प्रश्न, असं ती स्वतःला म्हणाली. तो महिना तिला नव्हे, उंबरटेपाच्या बायकांना काढायचा होता, हे तिच्या ध्यानात नसेल असं कसं म्हणायचं?

ती वस्तीवर गेली तेव्हा एवढंच सांगून आली की प्रयत्न चालू आहेत, कागदपत्राला वेळ लागतोय. कुणी उलटून विचारलं नाही. घोंगडी अंथरली, चहा आला. तो चहा खालून आणलेल्या पाण्याचा होता.

दोन मेला, सकाळी, धोंडाबाई पाण्याला उतरली. सून शुभांगी तापाने पडलेली, म्हणून म्हातारी निघाली. धरणाचं पाणी बरंच आत गेलेलं, काठाला वाळलेल्या गाळाच्या भेगा. परत चढताना भरल्या हंड्यासकट ती घसरली आणि खुब्यात मोडली. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून तिला वर वस्तीवर, मग खाली वळणावरच्या रस्त्यापर्यंत, मग जीपने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण हाडं ठिसूळ, पुन्हा चालणं होईलसं वाटत नाही असं सांगितलं. ही बाई! चर खणताना पुरुषांच्या आधी कातळाला भिडणारी ही बाई आता बाजेवरून उठणार नव्हती.

हेमलताला दोन दिवसांनी कळलं तेव्हा ती घरी भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला. नवऱ्याला काही न सांगता ती टेबलाशी बसली आणि पत्र लिहिलं, हाताने, कारण टाईप करायला जायचा धीर नव्हता. उंबरटेपाची योजना बंद आहे. झऱ्याच्या जागेची लेखी संमती कधीच घेतलेली नव्हती. ती घेतली असं मी नोंदवलं, ते खोटं होतं. वस्तीला आजपासून टँकर द्यावा. खाली नाव, सही, तारीख. एक प्रत ग्रामसेवकाला, एक तालुक्याच्या कचेरीत, एक संस्थेत, एक कंपनीला. कुणाला विचारलं नाही. पंधरा तारीख यायला अकरा दिवस होते.

मग जे व्हायचं ते झालं. अकरा वस्त्यांची मदत 'पुढील विचारासाठी' थांबली, आणि अशी थांबलेली मदत कधी पुन्हा सुरू होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. हेमलताचा करार जूनपासून वाढवला नाही. मनीषने ते स्वतः येऊन सांगितलं, एवढं खरं. भावकीत म्हणू लागले की मेलेल्या माणसाचं नाव सुनेने सरकारदरबारी नेलं. शैलेशने फोन उचलणं बंद केलं. नवरा जेवताना तिच्याकडे बघेनासा झाला. या सगळ्याचं तिला वाईट वाटलं, पण सहन झालं. सहन झालं नाही ते एकच, आणि ते या सगळ्याआधी घडलं.

अकरा मेला उंबरटेपाच्या खालच्या वळणावर पहिला टँकर येणार होता. हेमलता तासभर आधी वर चढली. धोंडाबाईला दवाखान्यातून आणलेलं, पडवीत बाजेवर होती. हेमलता घोंगडीवर बसली नाही, जमिनीवरच बसली. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून सरळच म्हणाली की मावशी, कागद कधी नव्हताच, मी खोटं लिहिलं. मामंजींना विचारायची मला लाज वाटली. तुमचा पाय माझ्यामुळे गेला.

तिला वाटलं होतं म्हातारी तोंड फिरवेल. शिव्या देईल. द्याव्यात असं तिला फार वाटत होतं.

धोंडाबाई म्हणाली, "कागद न्हाई त्ये आमाला म्हाईत हुतं."

हेमलताने वर पाहिलं.

"तू टाकीपाशी बसवून इचारलंस बघ, काय वंगाळ हुईल म्हून. तवाच सगळ्यांच्या तोंडात हुतं. म्हातारा देवमाणूस हाय, पर त्येच्या मागं पोरगा जमीन ठेवायचा न्हाई, कागद करून घ्या. वस्तीतला एकनाथ तर बोलायलाच निघाला हुता. म्याच त्येला गप केला." धोंडाबाईने दम खाल्ला. "म्हनलं, पोर त्येंच्या घरची सून हाय. तिच्या म्होरं तिच्या सासऱ्याच्या शब्दावर संशय कसा घ्यायचा? आपल्यासाठी एवढी राबतिया. तिला काय वाटंल? तुला वाईट वाटू ने म्हून आमी डुकरं सांगितली, दरड सांगितली. चूक आमची हाय बाई. तू इचारलं हुतंस."

हेमलता मामंजींपुढे गप्प बसली होती, आणि हे एकतीस उंबरे तिच्यापुढे. आपल्याला कुणी भीत नाही, वस्तीवरची माणसं आपल्याशी मोकळी आहेत, हा तिचा केवढा समज होता! ती रडली, आणि धोंडाबाईने बाजेवरून हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला, त्याने ती जास्तच रडली.

खालून टँकरचा हॉर्न आला. बायका हंडे, कळशा, डबे घेऊन धावल्या. शुभांगी अजून अशक्त होती. धोंडाबाई म्हणाली, जा बाई, तिच्या जोडीला तू बी एक हंडा धर. हेमलता डोळे पुसून उठली, दारातला हंडा घेतला आणि वळणावर गेली. रांग पार झाडापर्यंत गेलेली. ती सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं. मग तिच्या पुढचीने. एकेक करून सगळ्या बायका आपापला हंडा उचलून बाजूला झाल्या आणि टँकरपर्यंत वाट मोकळी झाली.

"ताई, तुमी म्होरं व्हा," एक जण म्हणाली.

हेमलता म्हणाली की नको, मी मागेच उभी राहते, तुम्ही भरा. कुणीच हललं नाही. टँकरवाल्याने नळी सोडली, पाणी मातीत पडायला लागलं, तरी एकतीस घरच्या बायका हंडे घेऊन तशाच बाजूला उभ्या राहिल्या, ती पुढे येईपर्यंत.